केस किती दिवसांनी धुवावेत? पाकी, स्वच्छता आणि समतोल



एखाद्या घरातील ही परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. मुलीचा हैजचा काळ मध्यरात्री संपला आहे. फजरची वेळ जवळ आली आहे. पण तिचे केस दाट, कुरळे आणि कमरेपर्यंत लांब आहेत. ते धुवायचे म्हणजे तासभर लागणार, वाळायला अर्धा दिवस जाणार आणि पुन्हा ते राठ होऊन गुंतणार. ‘दोन दिवसांनी जुमा आहे, तेव्हाच डोक्यावरून आंघोळ करीन’ असे ती मनाशी ठरवते. या दोन दिवसांत तिच्या दहा नमाजा सुटतात. ती बेनमाजी नाही, आळशीही नाही. तिला एवढेच कोणी समजावून सांगितलेले नाही की पाकीसाठी केसांवर पाणी घेणे वेगळे आणि केसांचा मळ काढण्यासाठी ते शाम्पूने धुणे वेगळे.

केस किती दिवसांनी धुवावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सौंदर्याचा वाटतो. परंतु मोमिनाच्या जीवनात तो नमाजशी, आरोग्याशी आणि पाण्याच्या वापराशी जोडलेला आहे. म्हणून या पाठात आपण त्याचा दोन्ही अंगांनी विचार करू.

केस ही अमानत आहे

अबू दाऊदच्या संग्रहात हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा. केसांचा मान राखणे म्हणजे ते स्वच्छ ठेवणे, विंचरणे, गरजेप्रमाणे तेल लावणे आणि विस्कटलेल्या अवस्थेत न सोडणे. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, पैगंबरांनी (स.) एकदा अस्ताव्यस्त केसांचा एक माणूस पाहिला, तेव्हा केस नीट बसवण्यासाठी याला काहीच मिळत नाही का, अशा अर्थाचा उद्गार त्यांनी काढला.

मात्र याच शिकवणीची दुसरी बाजूही आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मुगफ्फल (रजि.) यांच्या रिवायतीनुसार पैगंबरांनी (स.) रोजच्या रोज केस विंचरण्यात गुंतून राहण्यास मनाई केली आणि एक दिवस सोडून विंचरण्याची मुभा दिली. माणसाने आरशासमोरच दिवस घालवू नये, हा यामागील उद्देश. आता इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामधील एक नोंद पाहा. हजरत अबू कतादा (रजि.) यांचे केस खांद्यापर्यंत होते. त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना केस विंचरण्याची आणि त्यांचा मान राखण्याची आज्ञा मिळाली. त्यानंतर ते कधी कधी दिवसातून दोनदा केसांना तेल लावत.

या दोन गोष्टींत विरोध आहे काय? नाही. ज्याच्या केसांना एका दिवसाआड निगा पुरते, त्याने तेवढ्यावर थांबावे. ज्याचे केस अधिक निगा मागतात, त्याने ती द्यावी. मर्यादा वेळेच्या उधळपट्टीवर आहे, गरजेवर नाही. केसांच्या प्रकारानुसार निगा बदलते, हे तत्त्व आपल्याला येथेच सापडते.

अल्लाहने सर्वांचे केस एकसारखे घडवले नाहीत. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि वर्ण यांतील भिन्नतेला त्याने आपली निशाणी म्हटले आहे. हजरत अनस (रजि.) वर्णन करतात की, पैगंबरांचे (स.) केस अगदी सरळही नव्हते आणि अगदी कुरळेही नव्हते. म्हणून शेजारणीचे केस रोज धुतल्याने चमकतात, तर माझे का राठ होतात, अशी तक्रार करण्यापेक्षा आपल्या वाट्याला आलेल्या अमानतीचा स्वभाव ओळखणे शहाणपणाचे आहे.

पाकी आणि मळ काढणे यांतील फरक

येथे तीन गोष्टी स्पष्ट वेगळ्या करून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट वुजूची. वुजूमध्ये डोक्याचा मसह असतो, म्हणजे ओला हात फिरवायचा असतो. त्यासाठी केस धुवावे लागत नाहीत. दिवसातून पाच वेळा वुजू केल्याने केस खराब होतील ही भीती निराधार आहे.

दुसरी गोष्ट फर्ज गुस्लची. जनाबत, हैज आणि निफास यांनंतर संपूर्ण शरीरावर पाणी पोहोचणे आवश्यक आहे आणि त्यात केसांची मुळेही येतात. पण अट पाण्याची आहे. साबण, शाम्पू किंवा शिकेकाईची नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा प्रश्न नोंदलेला आहे. त्या आपल्या वेण्या घट्ट बांधत असत. जनाबतच्या गुस्लसाठी त्या सोडाव्यात का, असे त्यांनी विचारले. पैगंबरांनी (स.) सांगितले की, त्याची गरज नाही, डोक्यावर तीन ओंजळी पाणी टाकणे आणि मग अंगावर पाणी घेणे पुरेसे आहे. पुढे हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) स्त्रियांना गुस्लच्या वेळी वेण्या सोडण्यास सांगतात, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या कानावर आले. तेव्हा त्यांनी आश्चर्याने म्हटले की, मग ते त्यांना डोकी मुंडण्याचाच हुकूम का देत नाहीत! त्या स्वतः आपल्या डोक्यावर तीन वेळांपेक्षा अधिक पाणी घेत नसत.

या सवलतीचा तपशील फिकहमध्ये असा आहे. हनफी मतानुसार स्त्रीची वेणी बांधलेली असली आणि पाणी केसांच्या मुळांपर्यंत पोहोचले, तर वेणी सोडणे आवश्यक नाही. केस मोकळे असतील तर मात्र ते पूर्ण भिजले पाहिजेत. शाफई मतानुसार वेणीच्या आतपर्यंत पाणी पोहोचत असेल तर ती तशीच ठेवता येते. पोहोचत नसेल तर सोडावी लागते. आपल्या कोकणातील बहुतेक मुस्लिम कुटुंबे शाफई, तर राज्याच्या इतर भागांतील बहुतेक हनफी आहेत. म्हणून प्रत्येकीने आपल्या मसलकच्या आलिमांकडून हा मसला नीट समजून घ्यावा.

तिसरी गोष्ट मळ काढण्याची. हजरत असमा (रजि.) यांनी हैजनंतरच्या गुस्लविषयी विचारले, तेव्हा पैगंबरांनी (स.) पाणी आणि सिद्र, म्हणजे बोरीचा पाला घेऊन चांगली स्वच्छता करण्यास आणि पाणी मुळांपर्यंत जाईल असे डोके चोळण्यास सांगितले. जनाबतच्या गुस्लविषयी त्यांनी विचारले, तेव्हा उत्तरात सिद्रचा उल्लेख आला नाही. म्हणजे मळ काढणारी वस्तू प्रत्येक गुस्लला लागत नाही. हैजनंतर ती वापरणे उत्तम आहे. पण घाई असेल आणि नमाजची वेळ जात असेल, तर पाण्याने गुस्ल करून नमाज अदा करावी आणि केस सवडीने धुवावेत. याच प्रसंगी हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची प्रशंसा केली की, दीन समजून घेण्यात लज्जा त्यांच्या आड आली नाही. आपल्या घरातील मुलींनाही असे प्रश्न मोकळेपणाने विचारता आले पाहिजेत.

सात दिवसांची मर्यादा

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून एक हदीस आहे. तिचा आशय असा की, सात दिवसांतून एकदा आपले डोके आणि शरीर धुणे हा प्रत्येक मुस्लिमावर हक्क आहे. हजरत आयेशा (रजि.) जुम्याच्या गुस्लची पार्श्वभूमी सांगतात. लोक कष्टाची कामे करत, धूळ आणि घाम अंगावर घेऊन दूरवरून मशिदीत येत. तेव्हा त्यांना या दिवशी आंघोळ करून येण्यास सुचवण्यात आले. डोके न धुता आठवडा उलटू देऊ नये, हा बोध यातून स्पष्ट मिळतो. जुम्यासाठी मशिदीत न जाणाऱ्या स्त्रियांनीही तो घ्यावा.

ही मर्यादा कमीत कमी किती धुवावे याची आहे. याहून अधिक वेळा कोणी धुवावे, हे केसांचा आणि डोक्याच्या त्वचेचा स्वभाव ठरवतो.

आपल्या केसांचा स्वभाव कसा ओळखावा?

केसांच्या मुळाशी त्वचेत तेल स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. हे तेल केसाला मऊ ठेवते. केस सरळ असेल तर तेल मुळापासून टोकाकडे सहज पसरते; म्हणून सरळ केस लवकर तेलकट आणि चिकट दिसतात. केस कुरळा असेल तर प्रत्येक वळणावर तेलाची वाट अडते. म्हणून मुळाशी तेल असूनही टोके कोरडी राहतात. शाम्पू मळाबरोबर हे नैसर्गिक तेलही काढून टाकतो. त्यामुळे एकाला जे पथ्य, तेच दुसऱ्याला अपथ्य ठरते.

सरळ, बारीक आणि तेलकट केस असणाऱ्यांनी एक दिवसाआड, आणि त्वचा फारच तेलकट असेल तर रोज सौम्य शाम्पूने धुण्यास हरकत नाही. कमी वेळा धुतले की डोक्यावर कमी तेल येते, हा समज चुकीचा आहे. तेलाचे प्रमाण मुख्यतः शरीरातील संप्रेरके ठरवतात, धुण्याची सवय नव्हे.

मध्यम जाडीच्या, नागमोडी केसांना आठवड्यातून दोन ते तीन वेळा धुणे साधारणपणे पुरते.

कुरळ्या आणि दाट केसांसाठी आठवड्यातून एक किंवा दोन वेळा पुरे. अतिशय घट्ट वळणांचे, राठ केस असतील तर आठवड्यातून एकदाच धुवावेत. त्यातही प्रत्येक वेळी शाम्पू हवाच असे नाही. एका आठवड्यात शाम्पू आणि दुसऱ्या आठवड्यात केवळ पाण्याने मुळे चोळून धुणे, असा क्रम ठेवता येतो. अशा रीतीने हदीसमधील सात दिवसांचा हक्कही पाळला जातो आणि केसही तुटत नाहीत.

वयाचाही विचार हवा. लहान मुलांच्या डोक्यावर तेल कमी येते, त्यांना आठवड्यातून एक-दोन वेळा पुरते. मात्र धुळीत खेळून किंवा पोहून आल्यावर केस धुवावेत. वयात येताना ग्रंथी वाढीस लागतात, तेव्हा मुलामुलींना अधिक वेळा धुण्याची गरज भासते. बालिग होताना गुस्लचे मसलेही शिकवायचे असतात. आई-वडिलांनी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी समजावून सांगितल्या, तर मूल शरीरातील बदलांना लाजेने नव्हे तर जबाबदारीने सामोरे जाते. उतारवयात तेल पुन्हा कमी होते. वडीलधाऱ्यांनी धुण्याचे प्रमाण त्याप्रमाणे कमी करावे.

धुण्याची योग्य रीत

शाम्पू डोक्याच्या त्वचेवर चोळावा, केसांच्या टोकांवर नव्हे. टोकांना खाली वाहणारा फेस पुरतो. कंडिशनर मात्र टोकांना लावावा. पाणी कोमट असावे. कढत पाण्याने त्वचा कोरडी पडते. शिकेकाई आणि रिठा यांत फेस देणारे नैसर्गिक घटक असतात, तसेच ते बोरीच्या पाल्यातही असतात. परवडत नसेल तर महागड्या बाटल्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. मात्र शिकेकाईची भरड नीट धुवून काढावी आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये.

ओले केस कोरड्या केसांपेक्षा लवकर तुटतात. म्हणून ते टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्यावेत. कुरळे केस ओलसर असताना रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर सोडवत जावेत. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. आठवड्याने एकदा धुणाऱ्या स्त्रीच्या हातात त्या दिवशी केसांचा पुंजका येतो, तो बहुधा साठलेल्या गळतीचा असतो. घाबरून धुणेच टाळू नये.

भगिनींसाठी एक सूचना महत्त्वाची. ओल्या केसांवर हिजाब किंवा स्कार्फ घट्ट बांधून तासन्तास राहू नये. दमट उबेत बुरशी वाढते, खाज आणि दुर्गंध सुरू होतो. बाहेर जाण्याच्या किमान दोन-तीन तास आधी, किंवा शक्य असल्यास आदल्या संध्याकाळी केस धुवावेत. कोकणच्या पावसाळ्यात हे अधिक पाळावे. स्कार्फही वरचेवर धुवावा. स्वच्छ केसांवर मळका स्कार्फ बांधला तर धुण्याचा उपयोग राहत नाही.

कोंड्याविषयीही गैरसमज आहे. डोके कोरडे पडले म्हणून कोंडा झाला असे समजून भरपूर तेल थापले जाते. वास्तविक बहुतेक वेळा कोंड्यामागे त्वचेवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी असते आणि ती तेलावरच पोसते. अशा वेळी तेल कमी करावे. कोंड्यावरील औषधी शाम्पू आठवड्यातून दोन-तीन वेळा लावून पाच मिनिटे ठेवावा आणि मग धुवावा. महिनाभरात फरक न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. उवा मात्र केवळ अस्वच्छतेने होत नाहीत. त्या स्वच्छ डोक्यातही शिरतात. म्हणून ज्या मुलीला उवा झाल्या तिला हिणवू नये. हुदैबियाच्या प्रवासात हजरत कअब बिन उजरा (रजि.) यांना एहरामच्या अवस्थेत उवांचा त्रास झाला, तेव्हा त्यांना टोमणा नव्हे तर डोके मुंडण्याची सवलत मिळाली आणि त्याचा फिदया सांगण्यात आला.

काही चुकीच्या समजुती

अमुक वारी डोक्यावरून आंघोळ केली तर घरावर संकट येते, अमावस्येला केस धुऊ नयेत, हैजच्या पहिल्या दिवसांत डोके भिजवू नये, अशा समजुती आपल्या घरांतही शिरलेल्या दिसतात. शरीअतमध्ये त्यांना आधार नाही. हैजच्या काळातही केस धुता येतात, विंचरता येतात. पैगंबर (स.) मशिदीत एतिकाफला असताना आपले डोके हुजऱ्याकडे झुकवत आणि हजरत आयेशा (रजि.) हैजच्या अवस्थेत असूनही त्यांचे केस विंचरत. ज्या स्त्रीच्या हाताला पैगंबरांनी (स.) दूर सारले नाही, तिला आपण स्वयंपाकघरातून का दूर सारावे?

केसांना तेल लावलेले असेल तर गुस्ल होत नाही, असेही काही जण समजतात. साधे तेल पाण्याला अडवणारा थर तयार करत नाही. मुळे नीट चोळून पाणी पोहोचवले की गुस्ल होतो. मेंदीच्या रंगाचीही अडचण नाही. अडचण असेल तर न धुतलेल्या मेंदीच्या लगद्याची.

सवलत कोठे आहे, कोठे नाही

केस राठ होतील, बसणार नाहीत किंवा लग्नसमारंभासाठी केलेली रचना मोडेल, ही फर्ज गुस्ल टाळण्याची कारणे होत नाहीत. परंतु डोक्याला टाके पडले असतील, किंवा पाण्याने आजार वाढेल असे वैद्यांचे मत असेल, तर शरीअत सवलत देते. हनफी मतानुसार अशा वेळी उरलेले शरीर धुवून डोक्यावर ओला हात फिरवावा. तोही अपायकारक असेल तर सोडून द्यावा. शाफई मतानुसार धुता न येणाऱ्या भागासाठी तयम्मुम करावा. अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली आणि त्याच्यावर गुस्ल फर्ज झाला. सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्याने गुस्ल केला आणि तो मरण पावला. पैगंबरांना (स.) हे कळले तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले; माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावरील इलाज विचारणे हाच आहे, अशा आशयाचे त्यांनी बजावले. न जाणता दिलेला कठोर फतवा माणसाचा जीव घेऊ शकतो, हे आपण कधीही विसरू नये.

पाण्याचा हिशेब

पैगंबर (स.) सुमारे एका साअ पाण्यात गुस्ल करत. आजच्या मापाने ते साधारण तीन लिटर होते. हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडे एकाने तक्रार केली की, एवढे पाणी मला पुरणार नाही. त्यांनी उत्तर दिले की, ज्यांचे केस तुझ्यापेक्षा अधिक होते आणि जे तुझ्यापेक्षा श्रेष्ठ होते, त्यांना ते पुरत होते. मराठवाड्यातील आपल्या भगिनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे मोजतात, त्या वेळी शॉवरखाली अर्धा तास उभे राहणाऱ्यांनी हे उत्तर आठवावे. लांब केस धुण्यासाठी पाणी अधिक लागणार हे खरे. पण ते मगाने घेऊन मोजता येते.

शेवटी एक गोष्ट. पैगंबरांच्या (स.) एका कन्येचा इंतकाल झाला, तेव्हा हजरत उम्मे अतिया (रजि.) आणि इतर स्त्रियांनी त्यांना पाणी आणि बोरीच्या पाल्याने न्हाऊ घातले, शेवटच्या वेळी पाण्यात कापूर घातला, केस सोडून धुतले आणि त्यांच्या तीन वेण्या घालून पाठीमागे सोडल्या. जगातून जाणाऱ्या देहाच्या केसांचीही इतकी निगा राखली गेली. मग जिवंतपणी आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष का करावे? आणि त्यांच्यासाठी नमाज तरी का सोडावी?

म्हणून आपल्या घरात आजच तीन गोष्टी ठरवू या. फर्ज गुस्ल वेळेवर करायचा, मग केस कसेही असोत. मळ काढण्यासाठी धुणे आपापल्या केसांच्या स्वभावाप्रमाणे ठेवायचे, पण आठवडा उलटू द्यायचा नाही. आणि आपल्या मुलींना मध्यरात्रीही हा प्रश्न आईला विचारता येईल, एवढा मोकळेपणा घरात ठेवायचा.

अल्लाह आपल्या सर्वांना बाह्य आणि आंतरिक पाकी प्रदान करो. आमीन.